जलजाक्षीने कॉलला वाट करून दिली

जलजाक्षीला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. हळेकेरीच्या केबल ऑफिसात राजीव शेट्टींनी तिला ठेवलं ते फोन उचलायला. कोणाच्या घरी चित्र दिसत नाही, कोणाच्या माडावरची वायर माकडांनी ओढली, हे ऐकायचं आणि लाईनमनला कळवायचं, एवढंच काम. पण लाईनमनला यायला उशीर झाला की ही पदर खोचून, खांद्यावर शिडी टाकून स्वतःच निघायची. पुढे लाईनमन मंगळूरला गेला आणि शिडी कायमची हिच्याकडे राहिली. नवरा सुधाकर मासेमारीच्या पर्ससीन बोटीवर, आठवडा आठवडा समुद्रात. घरी सासू. सासूची तक्रार एकच होती, की सून जेवतानासुद्धा वर बघून कोणाच्या वायरी कुठून गेल्यात ते सांगत असते.

मग केबलच्या जोडीला इंटरनेट आलं. कुंदापूरहून एक जाड लाईन शेट्टींच्या ऑफिसात आली आणि तिथून घराघरांत गेली. ऑफिसातल्या मुख्य राउटरला जलजाक्षी पहिल्या दिवसापासून जिवंत माणसासारखं वागवायची. सकाळी आल्यावर आधी त्याच्या दिव्यांकडे बघायचं, मग देवाच्या फोटोला उदबत्ती. शेट्टी म्हणायचे, उलट कर बाई, देव रागावेल. ती म्हणायची, देव रागावला तर फोन करत नाही.

हळेकेरी म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नदी आणि मध्ये चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवरचं एकही घर असं नाही ज्याचं माणूस कुवेतला, बहरीनला नाहीतर बंगळूरच्या हॉटेलात नाही. संध्याकाळ झाली की गावभर फोन सुरू होत. पण त्याच वेळी पोरं सिनेमे उतरवायला घेत, कोणी क्रिकेट लावी, कोणी यक्षगान. मग कॉल अडखळायला लागत. नवरा तिकडून काही विचारतोय, इकडे बायकोला अर्धंच वाक्य ऐकू येतंय. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईने नवऱ्याचं ‘येत नाही’ एवढंच ऐकलं आणि दोन दिवस जेवली नाही. तो म्हणत होता, आवाज येत नाही.

ही तक्रार ऐकून जलजाक्षी हसली, पण घरी जाताना तिला ते हसणं खटकलं. गावाची लाईन काही लहान नव्हती. मग कॉल तुटायचं कारण काय? उडुपीचे ऐताळ नावाचे एक इंजिनियर राउटर बसवायला आले होते. तिने त्यांना फोन लावला आणि प्रश्नांचा भडिमार केला. ऐताळ शांत माणूस. ते म्हणाले, आवाजाला जागा थोडीच लागते, पण त्याला थांबता येत नाही. सिनेमाला पुष्कळ जागा लागते, पण तो थांबू शकतो, कारण त्याचा पुढचा तुकडा आधीच येऊन बसलेला असतो. तुमच्याकडे दोघं एकाच रांगेत उभे आहेत. राउटरला सांगा, आवाज आला की त्याला आधी सोड.

“असं सांगता येतं त्याला?” जलजाक्षीने विचारलं.

“येतं. मी शिकवतो. पण घाई करायची नाही.”

घाई करायची नाही हे तिच्या कानात शिरलंच नाही. त्याच संध्याकाळी राउटरचं पान उघडून तिने नियम लिहिले. एक नियम आवाजाचा, एक बाकी सगळ्याचा. बटण दाबलं आणि वाट बघत बसली. काही फरक नाही. कॉल तुटतायत ते तुटतायतच. दुसऱ्या दिवशी ऐताळांनी तिकडून बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. राउटर नियम वरून खाली वाचतो, आणि हिने ‘बाकी सगळं’ वर लिहिलं होतं. आवाजसुद्धा त्यातच जात होता. खालच्या नियमापर्यंत काही पोचतच नव्हतं. जलजाक्षीने कपाळावर हात मारला, नियम वर-खाली केले, तरी काम अर्धंच झालं. रांग मुळात हळेकेरीत लागतच नव्हती, ती कुंदापूरला लागत होती आणि तिथे हिचे नियम कोण पाळणार? ऐताळांनी उपाय सांगितला. आपली लाईन आपणच जराशी आवळायची, म्हणजे गर्दी आपल्या राउटरपाशी येऊन थांबेल.

हे शेट्टींना सांगायचं म्हणजे वाघाच्या तोंडी हात घालणं होतं. शेट्टी भाताच्या गिरणीवरून आले, पंख्याखाली बसले, तेव्हा तिने विषय काढला.

“शेट्रे, लाईन थोडी कमी करावी लागेल.”

“कमी? अगो, मी ती वाढवायच्या खटपटीत आहे आणि तू कमी करतेस?”

“थोडीशीच. रांग आपल्या दारात लागली पाहिजे. मग कोणाला आधी आत घ्यायचं ते आपण ठरवू.”

 शेट्टी म्हणाले, बिघडलं तर तक्रारी तू ऐकायच्या. ती म्हणाली, आत्ता कोण ऐकतंय? शेट्टी चहा प्यायला लागले.

त्या संध्याकाळी तिने मुद्दाम पोरांना सांगितलं, आज वाटेल तेवढे सिनेमे उतरवा, कोणी ओरडणार नाही. सगळी लाईन ठासून भरली. मग तिने बहरीनला शेट्टींच्या मेव्हण्याला फोन लावला आणि शेट्टींच्या हातात दिला. मेव्हण्याचा आवाज असा स्वच्छ आला, की शेट्टींनी आधी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघितलं. “अरे, तू गावात आलायस की काय?” असं त्यांनी त्याला विचारलं. जलजाक्षी खुर्चीवरून उठून ऑफिसात दोन फेऱ्या मारून आली. तिला आनंद झाला की पाय आधी सुटायचे.

पुढचे काही दिवस तिने नुसतं कौतुक खाल्लं. कोणी फणस आणून दिला, कोणी बांगडे. न जेवलेल्या त्या बाईने तर तिला घरी बोलावून कोंबडी आणि रोट्टी वाढली. जलजाक्षी रस्त्याने चालली की दारादारांतून विचारपूस व्हायची, आणि तीही प्रत्येकाला थांबून आवाजाची रांग समजावून सांगायची, ऐकणाऱ्याला हवी असो वा नसो.

मग एके दिवशी सिंगारी ऑफिसात आली.

सिंगारी नदीत उतरून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढणारी. जन्मापासून ऐकू येत नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मालिनी लग्न होऊन कुवेतला. गावात सिंगारीशी फार कोणी बोलत नसे. तिसऱ्या घ्यायच्या, बोटांनी हिशेब करायचा, झालं. ती आली ती गुडघ्यापर्यंत ओल्या लुगड्यानेच. टोपली तिने टेबलावर ठेवली, तिचं पाणी शेट्टींच्या कागदांवर गळायला लागलं. कनवटीचा फोन काढून तिने जलजाक्षीसमोर धरला. पडद्यावर मालिनीचा चेहरा अर्धवट वळलेला, गोठलेला.

जलजाक्षी सवयीने मोठ्याने बोलून गेली, “आता आवाज छान येतो ना, अक्का?” आणि बोलता बोलता तिने जीभ चावली.

सिंगारीला शब्द ऐकू आले नसले तरी ओठ दिसले. तिने फोनच्या आवाजाच्या भोकांवर अंगठा घट्ट दाबून धरला, मान हलवली: हे मला नको. मग फोन खाली ठेवला, दोन बोटांनी स्वतःच्या डोळ्यांना स्पर्श केला आणि दोन्ही हात वर करून भराभर हलवायला लागली. हलवता हलवता ते हात तिने हवेत एकदम थांबवले. तशीच उभी राहिली, पुतळ्यासारखी. डोळे जलजाक्षीवर.

जलजाक्षीला पूर्ण समजलं नव्हतं, पण त्याच संध्याकाळी ती सिंगारीच्या मागोमाग तिच्या घरी गेली.

नदीच्या काठाला, ओल्या जाळ्यांच्या पलीकडे सिंगारीचं घर. तिने फोन पाण्याच्या घागरीला टेकवून उभा केला आणि समोर पाटावर बसली. कुवेतहून मालिनी आली. तिच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांची पोर, चार्वी, कुरळ्या केसांची. आजीला बघताच पोरीने दोन्ही हात वर केले. सिंगारीनेही केले. आणि चित्र थांबलं. थोड्या वेळाने सुरू झालं तेव्हा पोर खाली बघून फ्रॉकच्या बटणाशी खेळत होती.

मालिनीला ऐकू येत होतं, त्यामुळे तिच्याशी बोलता आलं. आवाज अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

“जलजक्का, मला तुमचं सगळं ऐकू येतंय. पण मी ऐकून काय करू? बोलायचंय ते त्या दोघींना.”

मग तिने सांगितलं. चार्वी हाक मारली तरी वळत नव्हती, म्हणून डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. चार्वीलाही ऐकू येत नाही, आजीसारखंच. मालिनी आणि तिचा नवरा रडून रडून थकले. सिंगारीला कळलं तेव्हा ती मात्र रडली नाही. तिने हातांनी सांगितलं, पोरीला रोज माझ्यासमोर बसव. मालिनी लहानपणापासून आईशी हातांनी बोलत आली होती, ती शिकवत होतीच. पण आजीच्या हातांची गोष्टच वेगळी. आजी भाताचा हात करायची तर तोंडाला पाणी सुटायचं.

“अम्मा शब्द सुरू करते, तेवढ्यात तिला पोर दगड झालेली दिसते, म्हणून तीही हात थांबवते,” मालिनी म्हणाली. “पोर थोडा वेळ वाट बघते, मग मान फिरवते. अर्धेच शब्द शिकतेय माझी पोर.”

जलजाक्षी तिथून निघाली ती धावतच. तिने कॉलमधल्या आवाजाला पुढे बसवलं होतं आणि कॉलचं चित्र सिनेमा-क्रिकेटच्या गर्दीत ढकलून दिलं होतं. चित्र अडखळलं तर काय बिघडतं, शब्द पोचल्याशी कारण, असं तिने आणि ऐताळांनीही धरलं होतं. आणि इथे शब्दच चित्रात होते. वाटेतच तिने ऐताळांना फोन लावला. धापा टाकत सगळं सांगितलं. 

“हे माझ्या डोक्यात आलं नाही,” ते म्हणाले. “करू आपण. पण चित्र जड असतं. सगळं आवाजाच्या रांगेत बसवलंत तर आवाजही गुदमरेल. दुसरी रांग करा, आवाजाच्या लगेच मागे. तिच्यासाठी लाईनचा एक भाग राखून ठेवा, आणि त्यापुढे तिला जाऊ देऊ नका.”

“पण राउटरला कळणार कसं, कुठलं चित्र कॉलचं आणि कुठलं सिनेमाचं?”

त्यावर दोघांनी मिळून बरंच डोकं लढवलं. सिनेमा लोंढ्याने येतो आणि थांबतो, पुन्हा लोंढ्याने येतो. कॉलचं चित्र एका चालीने वाहत राहतं, जातं आणि येतं. शिवाय कॉलची ये-जा ठरावीक नंबरांच्या दारांतून होते. त्या दारांवर खुणा करायच्या. जलजाक्षीने आपलाच फोन लावून, सासूला समोर बसवून, एकेक दार शोधून काढलं. सासूला वाटलं सून आता फोनवर नाटक बसवतेय. तिने केस विंचरून घेतले आणि चांगली साडी नेसून बसली.

रांग झाली. दुसऱ्या दिवशी सिंगारीच्या घरी चित्र थांबलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सिंगारीने ऑफिसात तिसऱ्यांची टोपली आणून ठेवली आणि काहीच खुणा न करता निघून गेली. शेट्टींच्या बायकोने त्यांचं सुकं केलं, शेट्टींनी ते दोन वेळा मागून घेतलं आणि म्हणाले, असल्या रांगा अजून काढ.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना हळेकेरीचं कंबळ आलं.

चिखलाच्या शेतात रेड्यांच्या जोड्या पळवायच्या, आणि त्यातून यंदा शेट्टींची स्वतःची जोडी. शेट्टींना वाटलं, कुवेतपर्यंत दाखवू. त्यांनी शेताच्या बांधावर कॅमेरा लावला, तिथून ऑफिसापर्यंत वायर ओढली, आणि कंबळ थेट जगभर सुटलं. सकाळपासून गावात ढोल, माणसं, भज्यांचा वास. जलजाक्षी ऑफिसात बसून दोन डोळ्यांनी दोन पडदे बघत होती. कुवेतहून, बंगळूरहून शेकडो लोक बघत होते. कोणी लिहीत होतं, माझं शेत दिसलं. कोणी, तो मागे उभा आहे तो माझा बाप. तिच्या अंगावर काटा येत होता.

दुपार कलली, शेवटच्या शर्यती जवळ आल्या, आणि तिच्या फोनवर मालिनीचा निरोप आला. आता इकडे अम्माचं चित्र थांबतंय. अम्माला चार्वी नीट दिसते, पण चार्वीला अम्मा दिसत नाही.

ती खुर्चीतून अर्धी उठली. एकीला दिसतं, दुसरीला नाही? तेवढ्यात सिंगारी स्वतःच हातात फोन धरून दारात आली. जलजाक्षीने पडदा बघितला. पोर स्वच्छ हसतेय, हात हलवतेय. म्हणजे गावात येणारी वाट मोकळी होती. गावातून बाहेर जाणारी वाट तुंबली होती. आणि तिला एकदम उमगलं, की तिचे सगळे नियम येणाऱ्या वाटेवर होते. बाहेर जाणाऱ्या वाटेवर आजवर गर्दी झालीच नव्हती, म्हणून कोणी बघितलं नव्हतं. आज तिथे शेट्टींचा कॅमेरा बसला होता, आख्खं कंबळ घेऊन.

तिने सिंगारीला स्टुलावर बसवलं, फोन टेबलावर उभा केला आणि राउटरचं पान उघडलं. शेतावर शेट्टींना फोन केला.

“शेट्रे, बाहेर जाणाऱ्या वाटेवर कॉलला पुढे घेतेय. कंबळ जरा मागून जाईल.”

“मागून म्हणजे? आता माझी जोडी उतरायचीय. थेट प्रक्षेपण थांबलं तर कुवेतचे लोक मला सोलून काढतील.”

“थांबणार नाही. बघणाऱ्यांकडे आधीचा तुकडा असतोच. थोडं उशिरा दिसेल एवढंच. रेडे तेवढेच पळणार.”

“आणि कॉल कोणाचा आहे?”

“सिंगारी अक्काचा. नातीशी.”

तिकडे ढोल वाजत होते.  शेट्टी म्हणाले, “कर. पण बंद पाडू नकोस, तुझ्या पाया पडतो.”

तिने नियम लिहिले. आवाज वर, त्याखाली कॉलचं चित्र, सगळ्यात शेवटी बाकी सगळं, त्यातच कॅमेरा. बाहेरची वाटही जराशी आवळली. एकदा वरून खाली वाचलं, बोट ठेवून, पुन्हा वाचलं. बाहेर गलका वाढला होता, जोडी चिखलात उतरली होती. तिने बटण दाबलं.

कंबळाच्या पडद्यावरचं चित्र धूसर झालं, रेड्यांच्या कडा पुसट झाल्या.  पण ते थांबलं नाही, पुसट का होईना, चालत राहिलं. मग तिने दुसरीकडे बघितलं.

सिंगारी हात हलवत होती. कुवेतमध्ये मालिनीच्या मांडीवर चार्वी मान वर करून, डोळे विस्फारून बघत होती. सिंगारीने दोन्ही तळवे एकावर एक ठेवले आणि शिंपला उघडावा तसे हळूच उघडले. शिंपला म्हणजे अज्जी, हे नाव तिने स्वतःसाठी निवडलं होतं. तिने पुन्हा केलं. पोर बघत राहिली. मग पोरीने आपले इवले तळवे एकमेकांवर आपटले, उलटे पडले, नीट केले, आणि उघडले. आणि पडद्याकडे बोट केलं.

मालिनीचा आवाज तिकडून फुटला. “अक्का, तिने हाक मारली. तिने अम्माला हाक मारली.”

सिंगारीला ते ऐकू आलं नाही, ऐकण्याची गरजही नव्हती. तिने जलजाक्षीचं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली. पुन्हा तळवे उघडले. पोरीने पुन्हा उघडले. या वेळी न चुकता. मग तर ती थांबेचना, उघड-मीट, उघड-मीट, प्रत्येक वेळी बोट अज्जीकडे. जलजाक्षी रडत होती आणि हसत होती, आणि पाय ऑफिसात फेऱ्या मारायला निघाले होते, पण मनगट सिंगारीच्या हातात होतं, म्हणून ती जागच्या जागीच नाचली.

शेतावर शर्यत संपली हे तिला कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी शेट्टी अंगभर चिखल घेऊन आले. जोडी दुसरी आली होती, नाकभर अंतराने. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले.

“कुवेत-बहरीनला दिसलं का?” तिने भीत भीत विचारलं.

“मेव्हण्याचा फोन आला होता. म्हणाला, भावोजी, हरलात ते अगदी स्वच्छ दिसलं.” मग त्यांनी एक डोळा उघडला. “पोरीचं काय झालं?”

तिने तळवे जोडून उघडून दाखवले. शेट्टींनी चिखलाने भरलेल्या हातांनी तसंच करून बघितलं.

मालिनी उन्हाळ्यात चार्वीला घेऊन आली. गावातल्या बायका जमल्या तेव्हा पोर अज्जीशी अशी भांडत होती, की बघणाऱ्यांना कोणी भांडण सांगायची गरज पडली नाही. तिला दुसरा आंबा हवा होता आणि अज्जी देत नव्हती. जलजाक्षी आता सिंगारीच्या घरी मधूनमधून बसायला जाते. तिचे हात अजून चुकतात. परवा तिने ‘पाऊस’ म्हणायच्या जागी भलतंच काहीतरी म्हटलं, आणि सिंगारी इतकी हसली की टोपली कलंडली.

नदीपलीकडच्या गंगोळीतल्या केबलवाल्याने हे सगळं ऐकून तिला बोलावलं, आमच्याकडेही रांगा लावून द्या म्हणाला. ती निघाली, लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, सासूला भात झाकून ठेवायला सांगून. नदी ओलांडणाऱ्या त्याच तरीत, होडीत, सिंगारी तिसऱ्या विकायला चालली होती. मधल्या पाण्यात इंजिनाने असा आवाज धरला की माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडायला लागली, आणि कोणाचंच कोणाला समजेना. त्या दोघी समोरासमोर बसून हातांनी बोलत होत्या. बाजारात आज तिसऱ्यांना किती भाव येईल, तो केबलवाला चहा तरी देईल की नाही, आणि चार्वी आता पुढच्या वेळी येईल तेव्हा तिला पोहायला शिकवायचं की आधी तरीत बसायला.